घडत राहणारा देह : व्यायाम, रोग आणि कर्मफल

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात अग्निवेश हा शिष्य आपले गुरू पुनर्वसु आत्रेय यांना जो प्रश्न विचारतो, तो वैद्यकाच्या मुळावरच येणारा आहे. आत्रेयांनी नुकतेच असे प्रतिपादन केलेले असते की देहातील धातूंना, म्हणजे देहाला धारण करणाऱ्या रस, रक्त, मांस इत्यादी घटकांना, उत्पन्न होण्यासाठी कारण लागते, परंतु नष्ट होण्यासाठी कोणतेही कारण लागत नाही. ते उत्पन्न होतात आणि स्वभावतःच विराम पावतात. या मताला परंपरेत स्वभावोपरमवाद असे म्हणतात. अग्निवेशाची शंका अशी की धातू जर आपोआपच नाहीसे होत असतील, तर बिघडलेले धातूही आपोआपच जातील. मग औषध करते काय, आणि वैद्य हवा तरी कशाला? त्यावर आत्रेय सांगतात की वैद्य जुन्या, बिघडलेल्या धातूंची दुरुस्ती करीत नाही, कारण जे सतत विरत आहे त्याची दुरुस्ती संभवतच नाही. विषम धातूंची परंपरा पुढे चालू राहू नये आणि सम धातूंची परंपरा सुरू व्हावी, अशी कारणे जुळवून आणणे हेच चिकित्सेचे काम होय.

या उत्तराचे बौद्धांच्या क्षणिकवादाशी, म्हणजे सर्व वस्तू क्षणभरच टिकतात या मताशी, असलेले साम्य उघड आहे. त्यातून देहाचे जे स्वरूप समोर येते, ते मात्र सर्वसामान्य समजुतीला धक्का देणारे आहे. कारण येथे देह ही एकदा तयार होऊन मग झिजत जाणारी वस्तू उरत नाही, तर ती सतत चालू असलेली घडण ठरते आणि आजचा देह कालच्या देहाच्या जागी आलेला असतो. व्यायामाने रोग टळतात आणि काही रोग बरेही होतात, हे आता कोणी नाकारीत नाही. परंतु ते कसे घडते याचा जो उलगडा गेल्या सुमारे सत्तर वर्षांत शरीरक्रियाविज्ञानाने केला आहे, त्याचा अर्थ लावायचा तर देहाविषयीच्या रूढ कल्पना अपुऱ्या पडतात आणि आत्रेयांचे हे उत्तर अधिक जवळचे वाटू लागते. कर्म आणि त्याचे फळ यांचा संबंध कसा असतो, क्लेशाने हित कसे होते आणि रोगाचा दोष रोग्याकडे जातो काय, हे धर्मचिंतनातील जुने प्रश्नही या उलगड्याच्या प्रकाशात पुन्हा तपासावे लागतात.

देहाकडे पाहण्याच्या भारतीय परंपरेतील दोन दृष्टी सर्वपरिचित आहेत. एका दृष्टीने देह हे धर्माचरणाचे पहिले साधन आहे आणि म्हणून ते जपले पाहिजे. दुसऱ्या दृष्टीने देह हा नश्वर, मलिन आणि बंधनास कारण होणारा आहे आणि म्हणून त्याची आसक्ती सोडली पाहिजे. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवत टीकेत हा पेच नेमका मांडला आहे : देह निंद्य म्हणून टाकला तर मोक्षाला मुकावे लागते आणि वंद्य म्हणून भोगला तर अधोगती ठरलेली असते, तेव्हा दोन्ही टोके सोडून तो आत्महिताच्या कामी राबवावा, असा त्यांचा निर्णय आहे. समर्थ रामदासांनी कृष्णा खोऱ्यात मारुतीची स्थापना केली आणि पुढे महाराष्ट्रातील तालमींतून मारुतीची मूर्ती आणि लाल मातीचा आखाडा यांची जोडी अतूट झाली, तीही बलोपासनेला धर्मसाधनेत स्थान देणाऱ्या याच विचाराची एक शाखा मानता येईल. परंतु देहाला साधन म्हणा की बंधन म्हणा, दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की देह हा आधीपासून तयार आहे आणि त्याचे काय करायचे एवढाच प्रश्न उरला आहे.

पश्चिमेत हेच गृहीतक यंत्राच्या रूपकातून आले. देकार्तने सतराव्या शतकात शरीराला यंत्र मानले, तर ला मेत्री या फ्रेंच वैद्याने १७४७ मध्ये संपूर्ण माणूसच यंत्र असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. यंत्र वापराने झिजते आणि विश्रांतीत टिकते. त्यामुळे जे बिघडले आहे त्याला हलवू नये, हा निष्कर्ष या रूपकातून सहज निघतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहण्याची सक्ती केली जात असे, त्यामागे काही प्रमाणात हेच तर्कशास्त्र होते. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून त्यांच्या हृदयाची आणि श्रम करण्याच्या क्षमतेची मोजणी करण्यात आली, तेव्हा ती क्षमता लक्षणीय प्रमाणात घटलेली आढळली. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली आणि असे दिसून आले की तीन दशकांच्या वार्धक्याने त्यांच्या श्रमक्षमतेचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक नुकसान तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केले होते. विश्रांतीत टिकण्याऐवजी ढासळणारे आणि वापराने झिजण्याऐवजी सुधारणारे यंत्र अद्याप कोणी बांधलेले नाही. तेव्हा ते रूपकच येथे सोडून देणे इष्ट.

व्यायामाच्या वेळी देहात काय घडते, हे मधुमेहाच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींमध्ये जाण्यासाठी स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे संप्रेरक लागते. इन्शुलिनचा निरोप पोहोचला की स्नायुपेशीच्या आत राखून ठेवलेली साखरवाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. या प्रथिनांना ग्लूट-४ म्हणतात. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, पेशी या निरोपाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत; याला इन्शुलिन-प्रतिरोध असे नाव आहे. परंतु स्नायू जेव्हा आकुंचन पावतो, तेव्हा पेशीतील ऊर्जेचा साठा खर्च होऊ लागतो, त्या खर्चाची नोंद घेणारे एएमपीके नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, कार्यान्वित होते, आकुंचनासाठी सुटलेले कॅल्शियमही आपला संकेत देते आणि त्यांच्या परिणामाने तीच साखरवाहक प्रथिने इन्शुलिनच्या निरोपाची वाट न पाहता पृष्ठभागावर येतात. इन्शुलिनला दाद न देणारा स्नायूसुद्धा स्वतःच्या आकुंचनाला दाद देतो, ही गोष्ट चिकित्सेच्या दृष्टीने जितकी महत्त्वाची आहे, तितकीच तात्त्विक दृष्टीनेही विचारात घेण्यासारखी आहे. येथे रोगट धातू दुरुस्त झालेला नाही. कृतीने एक निराळी वाट उघडली आहे आणि त्या वाटेने पुढची घडण वेगळ्या दिशेने सुरू झाली आहे.

ही घडण स्नायूपुरती मर्यादित राहत नाही. पेशीत प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या आणि कार्यक्षमता नियमित श्रमाने वाढते. जॉन हॉलॉझी यांनी १९६७ मध्ये धावण्याची सवय लावलेल्या उंदरांच्या स्नायूंमध्ये ही वाढ दाखवून दिली. रक्ताचा प्रवाह वेगाने वाहू लागला की रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला त्याचे घर्षण जाणवते, ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते, वाहिनी सैलावते आणि हे वारंवार घडत गेल्यास विश्रांतीच्या वेळचा रक्तदाबही उतरतो. हाडांमधील पेशी भार ओळखतात आणि जेथे भार पडतो तेथे अस्थी दाट करतात. वयोवृद्धांच्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेले आढळले. एरवी त्या वयात तो भाग आक्रसत जातो. याहून नवलाची गोष्ट अशी की आकुंचन पावणारा स्नायू रक्तात स्वतःचे संदेशद्रव्य सोडतो. इंटरल्यूकिन-६ हे त्यांतील प्रथम ओळखले गेलेले द्रव्य असून दीर्घ श्रमात त्याचे रक्तातील प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढू शकते. अशा द्रव्यांना मायोकाइन म्हणतात आणि यकृत, मेदपेशी, प्रतिकारशक्तीच्या पेशी यांच्यावर त्यांचा परिणाम होऊन देहात रेंगाळणारा सूक्ष्म दाह कमी होण्यास मदत होते, असे मानले जाते. हाडे हलविणारी दोरी एवढीच ज्याची ओळख होती, तो स्नायू आता अंतःस्रावी ग्रंथींच्या पंक्तीत येऊन बसला आहे.

आता फळाचा विचार करता येईल. स्नायूने साखर अधिक सहजपणे घेण्याची जी क्षमता एका वेळच्या व्यायामाने वाढते, ती साधारणपणे एक ते दोन दिवस टिकते आणि मग ओसरते. तंतुकणिकांची वाढ अधिक काळ टिकते, तरी व्यायाम थांबल्यावर काही आठवड्यांत तीही उतरणीला लागते. तरुणपणी राज्य पातळीवर खेळलेला माणूस पन्नाशीत त्या पुण्याईवर जगू शकत नाही. कर्मविपाकाच्या प्रचलित कल्पनेत कर्माचे फळ साठते, त्याला संचित म्हणतात आणि ते योग्य काळी भोगास येते. व्यायामाच्या फळाला हे लागू पडत नाही. त्याला अधिक जवळची आहे ती मीमांसकांची नित्यकर्माची कल्पना. मीमांसाशास्त्रात कर्माचे काम्य, नैमित्तिक आणि नित्य असे प्रकार सांगितलेले आहेत : काम्य कर्म विशिष्ट फळाच्या इच्छेने करायचे, नैमित्तिक कर्म काही प्रसंग उद्भवल्यावर करायचे आणि नित्यकर्म रोज करायचे, त्या रोजच्या कर्माने, एका प्रमुख मतानुसार, वेगळे फळ मिळत नाही, पण ते न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, घडतो. व्यायामाने आयुष्य वाढते असे म्हटले जाते, तेव्हा तो काम्य कर्मासारखा भासतो; परंतु मनुष्यदेहाची जडणघडण चालणाऱ्या, खणणाऱ्या, ओझे वाहणाऱ्या जीवनात झाली आहे, हे लक्षात घेतले तर हालचाल हीच त्याची सामान्य स्थिती ठरते आणि व्यायामाचा लाभ म्हणून जे मोजले जाते, ते बव्हंशी बैठेपणाचा प्रत्यवाय टळणे होय.

मीमांसकांशी असलेले साम्य येथेच संपते, कारण यज्ञ आज केला आणि स्वर्ग मृत्यूनंतर मिळाला तर मधला काळ जोडण्यासाठी त्यांना अपूर्व नावाची अदृष्ट शक्ती मानावी लागली. व्यायामाच्या बाबतीत कृती आणि परिणाम यांच्यामधील साखळी कडी-कडीने तपासता येते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेतील उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांनी धर्मपरंपरेतून आलेल्या आचाराचे फळ अदृष्टाच्या खात्यातून काढून दृष्टाच्या खात्यात आणले, असे म्हणता येईल.  या पावलाचे मोल आज, मोठ्या चाचण्यांतून फळ मोजले जात असताना, अधिक चांगले कळते. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधक चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्तींच्या या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम, आहारनियंत्रण आणि वजन घटविणे या उपायांनी रोगाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, तर मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या संशोधकांनी भारतीयांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जीवनशैलीतील बदलाने मिळालेली घट २८.५ टक्के होती. हा फरकही बोलका आहे. दृष्ट फळ हे सर्वांना सारखे मिळेल अशी हमी देत नाही.

क्लेशाचा प्रश्न अधिक गहन आहे. श्रमाच्या वेळी पेशींमध्ये प्राणवायूची अतिक्रियाशील रूपे तयार होतात, ती प्रथिनांना आणि पेशीपटलांना इजा करू शकतात आणि म्हणून त्यांना निष्प्रभ करणारी क आणि ई ही जीवनसत्त्वे व्यायामाबरोबर घ्यावीत, असा सल्ला बराच काळ दिला जात असे. जर्मनीत मिखाएल रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस तरुणांना चार आठवडे व्यायाम देण्यात आला. त्यांतील निम्म्यांना ही जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत दिली गेली. इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला तो जीवनसत्त्वे न घेणाऱ्यांचा. घेणाऱ्यांच्या बाबतीत व्यायामाचा हा लाभ दिसला नाही. निष्कर्ष असा की ती सौम्य इजाच देहाला घडण बदलण्याचा संकेत देत होती आणि इजा पुसून टाकल्यावर संकेतही पुसला गेला. सर्व प्रयोगांतून इतके स्वच्छ उत्तर आलेले नाही, हे खरे. तरीही क्लेश हा हिताचा केवळ मोबदला नसून काही प्रसंगी तोच हिताचे कारण असतो, हा विचार त्यातून पुढे येतो आणि तपाच्या कल्पनेला एक अनपेक्षित आधार मिळतो.

परंतु हा आधार कुठपर्यंत जातो, हेही पाहिले पाहिजे, कारण तपाच्या समर्थकांची नेहमीची चूक प्रमाण विसरण्याची असते. जैन परंपरेने कायक्लेशाला सहा बाह्य तपांमध्ये स्थान दिले; बुद्धाने मात्र स्वतः कठोर तप करून ते सोडून दिले. बौद्ध साहित्यात सोण या श्रीमंत घरातून आलेल्या भिक्षूची हकीकत येते. तो चंक्रमण, म्हणजे ठरावीक वाटेवर येरझारा घालीत करायचे ध्यान, इतक्या हट्टाने करीत असे की त्याच्या पायांतून रक्त वाहू लागले. बुद्धाने त्याला वीणेची आठवण करून दिली : तारा फार ताणल्या तर ती वाजत नाही आणि फार सैल ठेवल्या तरीही वाजत नाही. याच बुद्धाने अन्यत्र चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत आणि त्यांत प्रवासाची व परिश्रमाची क्षमता, निरोगीपणा आणि अन्नाचे चांगले पचन यांचा समावेश करून शेवटी अशा चालण्यातून मिळणारी समाधी दीर्घकाळ टिकते, असे म्हटले आहे. देहाचे आरोग्य आणि चित्ताची एकाग्रता एकाच यादीत बसविण्यात त्याला काहीही वावगे वाटले नाही.

आयुर्वेदाने हेच प्रमाण मोजता येईल अशा खुणेने सांगितले. सुश्रुताच्या मते व्यायाम आपल्या बलाच्या निम्म्याने करावा आणि ते निम्मे गाठल्याची खूण अशी की हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागतो, म्हणजेच माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो. आज मध्यम तीव्रतेच्या व्यायामाची ओळख म्हणून बोलता यावे पण गाता येऊ नये, असा निकष सांगितला जातो. दोन्ही निकष उपकरणाविना, श्वासावरून ठरतात. निम्म्या शक्तीचा हा नियम मवाळपणाचा नाही. इजा जर संकेत असेल तर संकेत वाचून त्याप्रमाणे नवी घडण करायला देहाला अवकाश हवा, आणि हे काम श्रमाच्या वेळी नव्हे तर श्रमानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत होते. ज्या तपात विश्रांतीला स्थान नाही, ते तप संकेत देत राहते आणि त्यावर काम होऊ देत नाही.

कृतीचे फळ कृतीविना मिळेल काय, हा प्रश्नही आता निव्वळ काल्पनिक राहिलेला नाही. अमेरिकेतील साल्क संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये एएमपीकेला चालना देणारे एक औषध चार आठवडे उंदरांना दिले, तेव्हा कोणताही सराव न करता ते उंदीर ४४ टक्के अधिक अंतर धावले. व्यायामाची गोळी ही कल्पना तेव्हापासून चर्चेत आहे. धार्मिक वृत्तीच्या माणसाला तिच्यात काहीतरी फसवणूक आहे असे वाटण्याचा संभव आहे, कारण श्रमाविना फळ म्हणजे अन्याय अशी भावना त्यामागे असते. ही भावना टिकणारी नाही. अर्धांगाने पडून असलेल्या माणसाच्या स्नायूंना अशा गोळीने काही बळ मिळणार असेल तर ती नाकारण्याचे कोणतेही नैतिक कारण दिसत नाही. खरी अडचण वस्तुस्थितीची आहे. व्यायाम म्हणजे कळफलकावरची एकच कळ दाबणे नव्हे. त्यात भार हाडावर पडतो, प्रवाह वाहिनीच्या अस्तराला घासतो, मेंदू तोल सांभाळतो, शेकडो द्रव्ये एकाच वेळी स्रवतात, आणि हे सारे एकमेकांच्या साक्षीने घडते. एका साखळीची एक कडी ओढून हे सर्व उभे राहील, अशी अपेक्षा धरणे म्हणजे पुन्हा यंत्राच्याच रूपकाकडे वळणे होय.

सर्वांत नाजूक प्रश्न दोषाचा आहे. देह जर कृतीने घडत असेल, तर रोगी माणूस आपल्याच कृतीने रोगी झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. पूर्वजन्मीच्या पापाने रोग होतो या जुन्या समजुतीची जागा, आळसाने रोग होतो या नव्या समजुतीने अगदी नकळत घेतली आहे, आणि नवी समजूत विज्ञानाच्या भाषेत बोलत असल्याने अधिक कठोर झाली आहे. आयुर्वेदात प्रज्ञापराध, म्हणजे कळत असूनही अहिताकडे जाणारी बुद्धीची चूक, हे रोगाचे एक मोठे कारण मानलेले आहे, हे खरे. पण ते एकमेव कारण कधीच मानलेले नाही. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांच्या गटाचे, दोन प्रकार सांगितले : एक सहज, म्हणजे जन्मजात, ज्यात रोगी कृश असतो, दुसरा अपथ्याने झालेला, ज्यात रोगी स्थूल असतो. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला तो व्यायामाचे कडक उपाय सांगतो. निर्धन रोग्याने मुनीप्रमाणे भिक्षेवर राहून, एका गावी एका रात्रीपेक्षा अधिक न थांबता, शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे, असे एक विधान आहे. विहीर खणण्याचाही उल्लेख आहे. त्याच प्रकरणात कृश रोग्याचे मात्र सतत रक्षण करावे, असे तो बजावतो. आधुनिक वैद्यकाने पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह वेगळा केला, त्याच्याशी या विभागणीचा तंतोतंत मेळ बसविण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. एकाच नावाचा रोग दोघांना होतो, पण त्यांतील एकाच्या बाबतीतच अपथ्याला कारण ठरवता येते, हे सुश्रुताने ओळखले होते, एवढे पुरेसे आहे.

रोग जडल्यानंतर व्यायामाचा उपयोग होतो, याला दोषाच्या कल्पनेची जरुरी नसते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांवर केलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर रोगमुक्त होते, तर केवळ आरोग्यविषयक माहितीपत्रके मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. या रुग्णांना कर्करोग कशामुळे झाला, हे कोणी विचारले नाही आणि विचारण्याचे कारणही नव्हते. आत्रेयांच्या उत्तराचा हा एक मोठा गुण आहे की त्यात चिकित्सेची नजर मागच्या कारणांवर निवाडा देण्यासाठी नसून पुढच्या परंपरेची दिशा ठरविण्यासाठी आहे.

शेवटी अशा कष्टकऱ्यांचा विचार केला पाहिजे, ज्यांना व्यायाम करा असे सांगणे हीच थट्टा ठरेल. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे आढळले. मात्र चालकांचे गणवेश नोकरीच्या आरंभीच कमरेला मोठे होते, हेही त्यांनीच पुढे नोंदवले. श्रमाचे काम हृदयाला तारते, हा अर्थ त्यावरून घेतला गेला. परंतु कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीतून २०२१ मध्ये असे पुढे आले की मोकळ्या वेळेतील शारीरिक हालचालीने हृदयविकार आणि मृत्यू यांचे प्रमाण घटते, तर नोकरीतील अतिश्रमाने ते वाढते. गरिबी, तंबाखू, अपुरा आहार यांचा वाटा यातून पूर्णपणे वगळता येतो काय, याविषयी मतभेद आहेत. तरीही कारणांची जी मांडणी केली जाते ती पटण्याजोगी आहे : ओझे उचलण्याच्या कामात रक्तदाब तासन्‌तास चढलेला राहतो, वेग आणि विराम कामगाराच्या हातात नसतात आणि देहाला सावरायला वेळ मिळत नाही. चरकाने व्यायामाचे लक्षण सांगताना ती चेष्टा करणाऱ्याला इष्ट असली पाहिजे आणि ती मात्रेने केली पाहिजे, अशा अटी घातल्या आहेत. त्या अटी गळून पडल्या की हातपाय तेच हलतात, पण त्याला व्यायाम म्हणता येत नाही.

बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जाणारी ऊसतोड कामगारांची जोडपी हे याचे जवळचे उदाहरण आहे. नवरा-बायकोच्या या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल टनावारी तोडीतून फेडायची असते, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची असते, गाडी रात्री-अपरात्री आली तरी उठायचे असते आणि आजारपणात एक दिवस बुडाला तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. या जोडीतील बाईच्या स्नायूंतही तेच विकर जागे होते आणि तीच द्रव्ये स्रवतात. तिला मिळत नाही ती नवी घडण पूर्ण करणारी विश्रांती. बैठ्या माणसाला व्यायाम आणि कष्टकऱ्याला विसावा हे एकाच नियमाचे दोन उपयोग आहेत, आणि व्यायामाचा उपदेश करणाऱ्या धर्मग्रंथाने किंवा आरोग्यखात्याने यांतील एकच सांगितला तर तो उपदेश अर्धा ठरतो.

चरकसंहितेत व्यायामाचे विवेचन ज्या अध्यायात येते, तो सूत्रस्थानातील सातवा अध्याय मुळात शरीराचे स्वाभाविक वेग अडवू नयेत, हे सांगण्यासाठी लिहिलेला आहे. भूक, तहान, झोप, अश्रू अशा तेरा वेगांच्या त्या यादीत श्रमाने लागलेल्या धापेचाही समावेश आहे. ती दाबून ठेवल्याने होणाऱ्या रोगांत हृद्रोगाचे नाव आहे आणि त्यावरील उपायांत विश्रांती सांगितलेली आहे. व्यायामाची प्रशंसा त्याच अध्यायात, पण त्यानंतर येते.